ठिपके आधी मोजा, मग मांडा: रासायनिक बंधांची आकृती काढण्याची रीत

कार्बन डायऑक्साइडची इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना, म्हणजे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी आणि बंध रेघांनी दाखवणारी आकृती, काढायला सांगितली की बहुतेक विद्यार्थी थेट आकृतीवर उडी घेतात. मध्ये कार्बन, दोन बाजूंना ऑक्सिजन, प्रत्येकाभोवती आपापले ठिपके, आणि मग ठिपक्याला ठिपका जुळवत बसायचे. पाणी, अमोनिया, मिथेन इथपर्यंत हे निभावून जाते. ओझोन किंवा नायट्रेट आला की खोडून खोडून कागद फाटायची वेळ येते. अडचण रसायनशास्त्र न समजण्याची नसते, कामाच्या क्रमाची असते. इथे दिलेली रीत उलट्या बाजूने चालते: सगळ्या रेणूत मिळून किती इलेक्ट्रॉन हाताशी आहेत ते मोजायचे, त्यावरून बंध किती असणार ते काढायचे, आणि आकृतीला हात शेवटी लावायचा.

एक सोय सांगून ठेवतो. वहीत मूलद्रव्यांची चिन्हे नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच लिहा. या लेखात वाचायला सोपे जावे म्हणून नावे लिहिली आहेत.

बंध होतो म्हणजे काय होते

‘अणूला आठ इलेक्ट्रॉन हवे असतात’ हे वाक्य शाळेत सगळ्यांनी ऐकलेले असते. पाठांतराला ते बरे आहे, पण अणूला हवे-नको असे काही नसते. सगळा खेळ ऊर्जेचा आहे. दोन हायड्रोजन अणू जवळ येऊ लागले की प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांकडे ओढला जातो आणि एकूण ऊर्जा कमी होत जाते. फारच जवळ आले तर केंद्रके एकमेकांना ढकलतात आणि ऊर्जा पुन्हा चढते. या दोन्हींच्या मध्ये, केंद्रकांत ७४ पिकोमीटर अंतर असताना, ऊर्जा सर्वांत कमी असते. तिथे अणू स्थिरावतात. त्यांना पुन्हा वेगळे करायचे तर एका मोलमागे सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा ओतावी लागते. त्या ऊर्जेच्या खड्ड्याला आपण बंध म्हणतो.

मिठाचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन खुशीने देऊन टाकतो असे सांगतात. प्रत्यक्षात तो काढून घ्यायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात आणि क्लोरीनच्या अणूने तो स्वीकारल्यावर परत मिळतात फक्त ३४९. म्हणजे हा नुसता देण्याघेण्याचा व्यवहार तोट्यातला आहे. तो फायद्यात येतो ते पुढच्या टप्प्यात, कारण तयार झालेले धन आणि ऋण आयन, म्हणजे प्रभार आलेले अणू, एकमेकांभोवती स्फटिकात रचले जातात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मीठ ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, त्याचेही मूळ याच आकर्षणात आहे.

इलेक्ट्रॉनांच्या जोडीतून बंध बनतो ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. ठिपक्यांच्या आकृत्या त्यांच्याच, म्हणून पुस्तकांत ‘लुईस संरचना’ हे नाव दिसते. त्याच वर्षी जर्मनीत वाल्टर कोसेल यांनी आयनिक बंधाची बाजू मांडली. लुईस यांची कल्पना पुढे अर्व्हिंग लँगम्युर यांनी व्याख्याने देऊन इतकी गाजवली की काही काळ ती लोकांना त्यांचीच वाटे. लँगम्युर यांना पुढे वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले, लुईस यांना शेवटपर्यंत नाही. रसायनशास्त्राच्या इतिहासातला हा अन्याय मला अजून खटकतो.

पहिली पायरी: प्रत्येक अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन

बंधात भाग घेतात ते सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन. ते मोजायला पूर्ण इलेक्ट्रॉन संरूपण लिहायची गरज नाही, आवर्तसारणीतला गण पुरतो. गण १ मध्ये एक, गण २ मध्ये दोन. गण १३ ते १८ साठी गणाच्या क्रमांकातून १० वजा करा. म्हणजे कार्बन गण १४ मधला, त्याचे चार. नायट्रोजनचे पाच, ऑक्सिजन आणि गंधकाचे सहा, फ्लोरीन आणि क्लोरीनचे सात. हेलिअम गण १८ मध्ये असूनही त्याचे दोनच. गण ३ ते १२ मधल्या लोह, तांबे अशा संक्रामक धातूंना ही रीत लावू नका, तिथे हिशेब वेगळा असतो.

सुट्या अणूचे ठिपके मांडताना चिन्हाच्या चार बाजू कल्पायच्या, आधी प्रत्येक बाजूला एकेक ठिपका द्यायचा आणि पाचव्यापासून जोड्या लावायच्या. रेणूच्या आकृतीसाठी मात्र सुट्या अणूंची चित्रे काढण्यात वेळ घालवू नका.

दुसरी पायरी: एकूण बेरीज

कार्बन डायऑक्साइड घेऊ. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६. एकूण १६. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकट काढा. घरखर्चाच्या वहीत महिन्याची जमा जशी ठरलेली असते तसाच हा आकडा आहे: खर्च कुठेही करा, शेवटची बेरीज याच्याशीच जुळली पाहिजे. कोणता ठिपका कोणत्या अणूकडून आला हे विसरून जा. काही पाठ्यपुस्तके एका अणूचे ठिपके आणि दुसऱ्याच्या फुल्या दाखवतात. समजावून सांगायला ते ठीक आहे, पण इलेक्ट्रॉनांवर मालकाचे नाव कोरलेले नसते.

आयन असेल तर प्रभार धरायला विसरू नका. चुका सर्वांत जास्त इथेच होतात. ऋण प्रभार म्हणजे जास्तीचे इलेक्ट्रॉन, म्हणून मिळवायचे. धन प्रभार म्हणजे गेलेले, म्हणून वजा करायचे. चिन्ह बघून उलटे करण्याचा मोह होतो, तो टाळा. कार्बोनेट आयनावर दोन ऋण प्रभार आहेत: ४ अधिक १८ अधिक २, एकूण २४. अमोनिअम आयनावर एक धन प्रभार आहे: ५ अधिक ४ वजा १, एकूण ८.

तिसरी पायरी: बंध किती असणार

आता प्रत्येक अणूला आपले कवच पूर्ण करायला किती लागतील ते लिहा. हायड्रोजनला २, बाकीच्यांना ८. एका अणूला एकटे धरले तर जी गरज, तिची ही बेरीज. कार्बन डायऑक्साइडमध्ये तीन अणू, म्हणून २४. हाताशी आहेत १६. तूट ८ ची. एक जोडी दोन अणूंच्या खात्यात एकाच वेळी मोजली जाते, म्हणून प्रत्येक बंध दोन इलेक्ट्रॉनांची तूट भरून काढतो. ८ भागिले २, म्हणजे बंध ४.

आकृती काढण्याआधीच उत्तर निम्मे हाती आले. दोन ऑक्सिजन आणि चार बंध, म्हणजे एकेरी बंधांनी भागणार नाही हे आत्ताच कळले. पाण्याला हेच लावून पाहा: गरज २ अधिक २ अधिक ८, एकूण १२. उपलब्ध ८. तूट ४, बंध २. नायट्रोजनच्या रेणूला गरज १६, उपलब्ध १०, तूट ६, बंध ३. हा नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. हवेत नायट्रोजन एवढा भरून असताना पिकांना तो थेट का घेता येत नाही आणि खत कारखान्यात एवढा दाब आणि उष्णता का द्यावी लागते, याचे उत्तर या तीन रेघांत आहे.

चौथी पायरी: सांगाडा

मध्यभागी कोण? साधारणपणे ज्याची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, सर्वांत कमी तो. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या मोजमापात फ्लोरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५ आणि हायड्रोजन २.२०. हायड्रोजनचा आकडा छोटा असला तरी त्याला मध्ये बसवायचे नाही, कारण तो एकच बंध करतो. तो नेहमी कडेला. कार्बन असेल तर बहुधा तोच मध्ये. सूत्रात जो अणू एकदाच येतो तोही बहुतेक वेळा मधलाच असतो, मात्र नायट्रस ऑक्साइड फसवतो: तिथे नायट्रोजन–नायट्रोजन–ऑक्सिजन अशी ओळ असते.

ऑक्सिजनला ऑक्सिजन जोडायची घाई करू नका. पेरॉक्साइड आणि ओझोन असे थोडे अपवाद आहेत. नायट्रिक आम्लासारख्या आम्लांत हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटलेला असतो, मधल्या अणूला नाही.

सांगाडा ठरला की अणूंना आधी एकेक रेघेने जोडा. एक रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. मग तिसऱ्या पायरीत आलेले उरलेले बंध योग्य जागी वाढवा. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन रेघा झाल्या, दोन उरल्या. दोन्ही बाजूंना एकेक दिली की ऑक्सिजन=कार्बन=ऑक्सिजन.

पाचवी पायरी: उरलेले ठिपके

चार रेघांत ८ इलेक्ट्रॉन गेले. चौकटीतल्या १६ पैकी ८ उरले. ते जोड्या-जोड्यांनी मांडायचे, आधी कडेच्या अणूंना, मग मधल्याला. कार्बनभोवती चार रेघा म्हणजे आठ झालेच, त्याला काही नको. प्रत्येक ऑक्सिजनला दोन जोड्या. संपले १६. या बंधात न गुंतलेल्या जोड्यांना एकाकी जोड्या म्हणतात आणि त्या न दाखवणे ही परीक्षेत गुण घालवणारी चूक आहे. रेघा दिसतात म्हणून त्या लक्षात राहतात, ठिपके विसरतात.

आता ताळा. रेघा दुप्पट करून त्यात ठिपके मिळवा, चौकटीतला आकडा आला पाहिजे. नंतर प्रत्येक अणूभोवती आठ आहेत का ते बघा, हायड्रोजनभोवती दोन. आयन असेल तर संपूर्ण आकृतीला चौकोनी कंस घालून उजवीकडे वर प्रभार लिहा.

सहावी पायरी: दोन आकृत्या जुळल्या तर कोणती खरी

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो: चार बंध तर एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक असेही देता येतील. आकडे जुळतात, आठही होतात. मग?

यासाठी औपचारिक प्रभार काढायचा, ज्याला अकरावीच्या वर्गात सगळे फॉर्मल चार्जच म्हणतात. अणूचे मूळचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्या, त्यातून त्याच्याभोवतीचे सुटे ठिपके वजा करा, आणि त्याला लागलेल्या रेघांची संख्या वजा करा. सममित आकृतीत ऑक्सिजन: ६ वजा ४ वजा २, शून्य. कार्बन: ४ वजा ० वजा ४, शून्य. दुसऱ्या आकृतीत तिहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर ६ वजा २ वजा ३, म्हणजे अधिक १. एकेरी बंधाच्या ऑक्सिजनवर ६ वजा ६ वजा १, म्हणजे उणे १. प्रभार जितके शून्याजवळ तितकी आकृती बरी, म्हणून पहिली निवडायची. प्रभार टाळताच येत नसेल तर ऋण प्रभार जास्त विद्युतऋण अणूवर असलेला बरा. सगळ्या औपचारिक प्रभारांची बेरीज रेणूच्या एकूण प्रभाराइतकीच यायला हवी, हा आणखी एक ताळा.

कार्बन मोनॉक्साइड या नियमाला वाकुल्या दाखवतो. उपलब्ध १०, गरज १६, बंध ३. दोन्ही अणूंना एकेक एकाकी जोडी. प्रभार काढले तर कार्बनवर उणे १ आणि ऑक्सिजनवर अधिक १, म्हणजे अगदी उलटे. तरीही आकृती हीच धरतात, कारण दोन्ही अणूंची अष्टके यातच पुरी होतात आणि बंधाची मजबुतीही तिहेरी बंधाला साजेशीच आहे.

आयनिक संयुगांची आकृती

यात काढण्यासारखे कमी आहे, चुकण्यासारखे जास्त. सोडिअम क्लोराइड: सोडिअमचे चिन्ह ठिपक्यांविना, वर धन प्रभार. शेजारी क्लोरीन, भोवती आठ ठिपके, चौकोनी कंस, वर ऋण प्रभार. दोघांमध्ये रेघ काढायची नाही. रेघ म्हणजे वाटून घेतलेली जोडी, इथे वाटणी झालेलीच नाही. कॅल्शिअम क्लोराइड असेल तर मध्ये दोन धन प्रभारांचा कॅल्शिअम आणि दोन वेगवेगळे कंसातले क्लोराइड.

एकाच पदार्थात दोन्ही प्रकारचे बंध असू शकतात. खाण्याचा सोडा हे घरातले उदाहरण. सोडिअम आयन सुटा दाखवायचा, आणि बायकार्बोनेट आयनाची आकृती वरच्या पायऱ्यांनी काढायची: उपलब्ध १ अधिक ४ अधिक १८ अधिक १, एकूण २४. गरज ३४. बंध ५. कार्बन मध्ये, भोवती तीन ऑक्सिजन, त्यांतला एक दुहेरी बंधाने, एकाला हायड्रोजन जोडलेला, आणि उरलेल्या तिसऱ्यावर ऋण प्रभार.

ओझोन: एक आकृती पुरत नाही तेव्हा

तीन ऑक्सिजन, उपलब्ध १८, गरज २४, बंध ३. सांगाड्यात दोन रेघा, तिसरी द्यायची कुठे? डावीकडे दिली तरी चालते, उजवीकडे दिली तरी चालते, औपचारिक प्रभारही दोन्हीकडे सारखेच येतात. मधल्या अणूवर अधिक १, एकेरी बंधाच्या कडेच्या अणूवर उणे १.

प्रत्यक्ष मोजले तर ओझोनमधले दोन्ही बंध सारखेच, सुमारे १२८ पिकोमीटर लांबीचे आहेत. ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध १२१ चा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमधला एकेरी साधारण १४७ चा. ओझोन मधोमध कुठेतरी. म्हणजे दुहेरी बंध इकडून तिकडे उड्या मारत नाही. रेणू सतत एकच असतो, फक्त आपल्या ठिपक्या-रेघांच्या लिपीत तो एका चित्रात बसत नाही. अशा वेळी दोन्ही आकृत्या काढून मध्ये दोन टोकांचा एक बाण द्यायचा, याला रेझोनन्स म्हणतात. समतोल अभिक्रियेचे उलटसुलट दोन बाण इथे काढू नका, त्यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. कार्बोनेट आणि नायट्रेटला अशा तीन-तीन आकृत्या लागतात.

सूत्र अडले तर काय समजायचे

तिसऱ्या पायरीचे सूत्र अडते तेव्हा ते बहुधा काहीतरी सांगत असते. सल्फर हेक्साफ्लोराइडला लावा: गरज ५६, उपलब्ध ४८, बंध ४. पण फ्लोरीन सहा आहेत. म्हणजे मधल्या गंधकाभोवती आठाहून जास्त, बारा इलेक्ट्रॉन दाखवावे लागणार. फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये दहा. ही मुभा तिसऱ्या आवर्तापासून, म्हणजे आवर्तसारणीतल्या तिसऱ्या आडव्या ओळीपासून, पुढच्या अणूंना. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन यांच्याभोवती आठाच्या वर गेलात तर आकृती चुकलीच म्हणून समजा.

बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये उलटे. सूत्र चार बंध सांगते, पण नेहमी तीनच काढतात आणि बोरॉनभोवती सहा ठेवतात. दुहेरी बंध दिला तर फ्लोरीनवर धन प्रभार येतो, आणि सर्वांत विद्युतऋण मूलद्रव्यावर तो शोभत नाही. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण ११, विषम. एक इलेक्ट्रॉन एकटा राहणारच. तो नायट्रोजनवर दाखवा.

आणि साध्या ऑक्सिजनपुढे तर ही पद्धत हात टेकते. बारा इलेक्ट्रॉन, दुहेरी बंध, सगळे जोडीने, आकृती निर्दोष. पण द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ओतला तर तिथे चिकटून राहतो, म्हणजे त्यात एकटे इलेक्ट्रॉन आहेत, आणि ते दोन आहेत. हे समजायला रेणू-कक्षकांची उपपत्ती लागते, पुढे ती भेटेल.

आकृतीत आकार दिसत नाही हेही ध्यानात ठेवा. पाण्याचे दोन बंध एका ओळीत काढले तरी ठिपका संरचना म्हणून ते बरोबरच असते, खरा कोन मात्र १०४.५ अंशांचा आहे. ऑक्सिजनवरच्या दोन एकाकी जोड्या बंधांना जवळ ढकलतात. अमोनियात एकच एकाकी जोडी, कोन सुमारे १०७. मिथेनमध्ये एकही नाही, कोन १०९.५. म्हणूनच ठिपके गाळू नका असे वर बजावले.

सरावासाठी

सोप्याकडून अवघडाकडे जा. उत्तरातले दोन आकडे देतो, आकृती तुमची तुम्ही काढा. हायड्रोजन पेरॉक्साइड: इलेक्ट्रॉन १४, बंध ३. हायड्रोजन सायनाइड: १० आणि ४. फॉर्माल्डिहाइड: १२ आणि ४. इथिलीन: १२ आणि ६. इथाइन, म्हणजे वेल्डिंगवाल्यांचा ॲसिटिलीन: १० आणि ५. इथेनॉल: २० आणि ८. ब्लीचमधला हायपोक्लोराइट आयन, एक ऋण प्रभार: १४ आणि १. नायट्रस ऑक्साइड: १६ आणि ४, यात एकाहून जास्त आकृत्या जुळतील, औपचारिक प्रभार काढून निवडा.

शेवटी युरिया. मध्ये कार्बन, त्याला एक ऑक्सिजन आणि दोन नायट्रोजन, प्रत्येक नायट्रोजनला दोन हायड्रोजन. उपलब्ध २४, गरज ४०, बंध ८. सांगाड्यातच सात रेघा लागतात, आठवी कुठे द्यायची ते औपचारिक प्रभार सांगतील. उरलेल्या आठ ठिपक्यांपैकी चार ऑक्सिजनवर आणि दोन-दोन प्रत्येक नायट्रोजनवर आले असतील तर आकृती बरोबर आहे.